एकशे दहा, सत्तर

गुरुवारी सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी शालनताई डुबल यांनी मोरवणे आरोग्य केंद्राच्या तपासणी खोलीचं कुलूप काढलं. आधी पूर्वेकडची खिडकी, मग धरणाच्या बाजूची. दोन्ही उघडल्यावर लसींच्या फ्रिजवरचा आकडा पाहून त्यांनी तो भिंतीवरच्या तक्त्यात लिहिला: चार पूर्णांक तीन. दोन्ही खाटांवरच्या चादरी बदलल्या. चार्जिंगला लावलेल्या, दंडावर बांधायच्या आठ चकत्या काढून स्पिरिटनं पुसल्या, पोटाचे दोन पट्टे पुसले, रक्तपट्ट्यांचा डबा उघडून वरच्या पट्टीवरची मुदत वाचली. मग कोपऱ्यातल्या शेगडीवर कपभर बिनसाखरेचा चहा केला आणि तो निवेपर्यंत आपली नोंदवही पुढे ओढून नवं पान आखलं.

कागदी नोंदवही ठेवण्याची सक्ती उठून अकरा वर्षं झाली होती. शालनताई मात्र ती ठेवत. डावीकडे नाव, वाडी, कितवा आठवडा; उजवीकडे वजन, रक्तदाब, लघवी, बाळाचे ठोके. प्रत्येक रेघ पट्टीनं मारलेली, अक्षर टपोरं आणि सुटं, आकडे एकाखाली एक. नव्यानं रुजू होणाऱ्या मुली वही हातात घेऊन म्हणत, सिस्टर, छापल्यासारखी आहे की. त्यावर शालनताई सांगत, की रिकामी चौकट म्हणजे पडलेला दात. तोंड उघडलं की आधी तोच दिसतो. दाराच्या मागे, दार उघडं असताना कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, काचेत मढवलेलं एक प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. जिल्ह्यातल्या सर्वांत परिपूर्ण नोंदींसाठी सहा वर्षांपूर्वी ते त्यांना मिळालं होतं. तिथं ते त्यांनी स्वतःच लावलं. हा त्यांचा विनय, असं सगळे समजत.

गुरुवार गरोदर बायकांचा, त्यातही चौतिसाव्या आठवड्याच्या पुढच्यांचा. तिथून पुढे दर आठवड्याला ‘मातृवेध’ची तपासणी ठरलेली.

मातृवेध म्हणजे तीन साध्या तपासण्या आणि त्यांचा एकत्र अर्थ लावणारी एक संगणकी बुद्धी. बोटातल्या रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला की पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेतून आईच्या रक्तात उतरणारी दोन प्रथिनं मोजली जात: एक रक्तवाहिन्यांना वाढवणारं, दुसरं त्यांना आवरणारं. वार उपाशी राहू लागली की दुसऱ्याचं पारडं जड होतं. दंडावरची चकती वीस मिनिटं नाडीच्या लाटा वाचून रक्तदाब काढी आणि पोटावरचा पट्टा बाळाच्या ठोक्यांचे चढउतार टिपी. यांतलं एकेक सुटं घेतलं तर ते फारसं बोलत नाही. पूर्वी डॉक्टर रक्तदाब एकशे चाळीस-नव्वदची रेघ ओलांडण्याची वाट पाहत, आणि रेघ ओलांडल्यापासून झटके येईपर्यंत काही बायकांना दोनच दिवस मिळत. मातृवेध रेघेच्या अलीकडेच धोका ओळखी. हिरवा निकाल आला तर घरी जायचं. पिवळा आला तर चार दिवसांत तज्ज्ञांकडे. लाल आला तर आजच, केंद्राच्या गाडीतून जिल्हा रुग्णालयात.

मात्र कोणत्या मोजमापाला किती भार द्यायचा, हे या बुद्धीला कुणीतरी शिकवावं लागतं. पहिली आवृत्ती परदेशातल्या बायकांच्या नोंदींवर शिकली होती आणि इथं ती सारखी चुकत असे. म्हणून दुसऱ्या आवृत्तीला इथल्याच नोंदी देण्यात आल्या. गावोगावच्या जुन्या नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रं तिला वाचायला दिली: या बाईचा रक्तदाब असा होता, पुढे तिचं आणि बाळाचं असं झालं. अशा लाखो ओळींतून ती एकेका परिसराचा स्वभाव शिकली. मोरवण्यात ती येऊन पाच वर्षं झाली होती, आणि तिनं वेळेवर हात धरून वाचवलेल्या आठ बायकांची नावं शालनताईंना पाठ होती.

त्या दिवशी पहिली आली ती मोरवण्यातलीच किशोरी सुतार, शाळेत शिकवणारी. पस्तिसावा आठवडा. तक्रार काही नाही, फक्त अंगठी घट्ट होते म्हणाली. रक्तदाब एकशे चौतीस-शहाऐंशी, प्रथिनांचं प्रमाण काठावर, लघवीत पुसट अंश. पडद्यावर लाल उमटलं. किशोरीचा नवरा पिशवी आणायला धावला आणि साडेनवाला गाडी गेलीसुद्धा.

त्यानंतर आली प्रांजल येडगे, टेपाच्या वाडीची, छत्तिसावा आठवडा. सोबत तिची सासू बायडाबाई. टेपाची वाडी धरणाच्या वरच्या अंगाला, मोरवण्यापासून अडीच तासांच्या चढावर. आता खालच्या वळणापर्यंत गाडी येते, तरी तिथून पुढे पायच. बायडाबाई सत्तेचाळीसच्या, उन्हानं रापलेल्या, अंगानं काटक. शालनताईंना पाहताच त्यांनी नेहमीप्रमाणे वाकून पायाला हात लावायचा प्रयत्न केला आणि शालनताईंनी नेहमीप्रमाणे तो चुकवला.

वीस मिनिटं खाटेवर डाव्या कुशीवर पडून प्रांजल बडबडत राहिली. सासूबाईंनी नऊ महिने आपल्याला विळीला हात लावू दिला नाही, कांदा नाही, कोथिंबीर नाही, साधी गवारसुद्धा मोडू दिली नाही, हे तिनं तक्रारीच्या सुरात पण मिरवत सांगितलं. मैत्रिणी म्हणतात, असली सासू कुठल्या दुकानात मिळते ते सांग. शालनताई हसल्या. रात्री झोप नीट लागते का, असं त्यांनी विचारलं. लागते, पण सकाळी डोकं जड असतं आणि तोंड सुजल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली.

चकतीनं आकडा दिला: एकशे छत्तीस-अठ्ठ्याऐंशी. गेल्या गुरुवारी तो एकशे बारा-बहात्तर होता. प्रथिनांचं प्रमाण जवळजवळ किशोरीइतकंच, लघवीत तसाच पुसट अंश. शालनताईंनी हात आधीच रुग्णवाहिकेच्या बटणाकडे नेला होता.

पडद्यावर हिरवं उमटलं.

त्यांनी कपाटातलं पाऱ्याचं जुनं यंत्र काढलं, प्रांजलच्या दंडाला पट्टा बांधला आणि कानानं ऐकलं. एकशे अडतीस, नव्वद. मग खाली बसून तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा पडला होता. तो भरून यायची वाट पाहत त्या तशाच बसून राहिल्या. खळगा तसाच होता.

“काय वो बाई?” बायडाबाईंनी विचारलं.

“डॉक्टरांना दाखवून येते,” शालनताई म्हणाल्या.

डॉक्टर इरफान मुजावर तीस वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. मनानं सरळ, कामाला वाघ, आणि शालनताईंना मानणारे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांच्याही कपाळाला आठी पडली. मातृवेधला एक चांगली सवय होती: निकालाची कारणं विचारली तर ती सांगे. डॉक्टरांनी कारणांचं पान उघडलं आणि पडदा शालनताईंकडे वळवला.

किशोरीच्या पानावर लिहिलं होतं: रक्तदाबातील वाढ, भार अधिक. प्रांजलच्या पानावर लिहिलं होतं: रक्तदाबातील वाढ, भार नगण्य, टेपाची वाडी, कारेवाडी व गवळणवाडी या परिसरात गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतील रक्तदाबाचा पुढील धोक्याशी संबंध आढळत नाही, वाढ चढण चढल्यामुळे असण्याची शक्यता. आधार: जुन्या नोंदवह्यांतील नऊ वर्षांच्या एक हजार एकशे शहाऐंशी नोंदी. नोंदींची पूर्णता: शंभर टक्के.

“म्हणजे बघा,” डॉक्टर सांगू लागले, “या वाड्यांत ज्यांना झटके आले, ज्यांची मुलं पोटात गेली, त्या सगळ्यांचा रक्तदाब आठ दिवस आधीपर्यंत उत्तम होता. कागदावर तसंच आहे. मग यंत्र काय शिकणार? की इथं रक्तदाब काहीच सांगत नाही. विचित्र आहे खरं. पण आधार भक्कम आहे, सिस्टर. तुमच्याच नोंदी आहेत या.”

नमुन्याचं म्हणून एक पान खाली दाखवलं होतं. टपोरं, सुटं अक्षर. पट्टीनं मारलेल्या रेघा. आकडे एकाखाली एक: ११०/७०, ११०/७०, ११०/७०, ११०/७०.

शालनताईंनी खुर्चीची पाठ धरली. आपल्या कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं त्यांना जाणवलं, लहानपणी वर्गात उभं केल्यावर होत तशा.

सुरुवात चुकीतून झाली नव्हती, अडचणीतून झाली होती. निदान पहिली काही वर्षं त्या स्वतःला असं सांगत. रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी यंत्राचा रबरी फुगा फाटला. तीन पत्रं लिहिली, नवा आला चौदा महिन्यांनी. दर महिन्याच्या बैठकीत वह्या तपासल्या जात आणि जिच्या वहीत रिकामी चौकट सापडे तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं जाई, की बाई, वर गेला होता की वाटेत झाडाखाली झोपला होता? शेजारच्या केंद्रातली एक वयानं मोठी सिस्टर तेव्हा त्यांच्या कानात म्हणाली होती, की एकशे दहा-सत्तर लिहीत जा. देवाच्या दयेनं बहुतेकींचा तेवढाच असतो. लिहिला. बैठकीत कुणी उभं केलं नाही.

एवढंच असतं तर त्यांनी स्वतःला माफ केलं असतं. पण पुढे नवा फुगा आला आणि यंत्र कपाटातच राहिलं. लशींची पेटी, वजनकाटा, गोळ्यांची पिशवी, आणि वर अडीच तासांचा चढ. पाऱ्याचं यंत्र दीड-दोन किलोचं आणि जपून न्यायचं. कधी नेलं, बऱ्याचदा नाही. नेलं त्या दिवशीचे आकडे खरे, नाही नेलं त्या दिवशीचे लिहिलेले. दोन्ही एकाच अक्षरात, एकाच शाईत. आज कुणी समोर वही ठेवून खरे कुठले ते दाखव म्हटलं असतं तर त्यांना दाखवता आलं नसतं.

गेल्या पाच वर्षांत वरच्या वाड्यांतल्या दोघी हिरवा निकाल घेऊन घरी गेल्या होत्या आणि आठवड्याच्या आत झोळीतून खाली आल्या होत्या. एकीचं मूल गेलं. तेव्हा सगळे म्हणाले, अचानक झालं. तो शब्द शालनताईंच्या ओळखीचा होता.

“मला तर हिला पाठवावंसं वाटतं,” डॉक्टर म्हणत होते. “निकाल डावलायचा तर कारण द्यावं लागेल. ‘नातेवाइकांचा आग्रह’ टाकू का? सोमवारची खाट मिळेल.”

यादीत आणखी दोन कारणं होती: ‘उपकरणात बिघाड’ आणि ‘आधारनोंदी सदोष’. तिसऱ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ते निवडल्यास परिसराचे भार तत्काळ रद्द होऊन सर्वसाधारण भार लागू होतील. सदोष नोंदी कोणाच्या, ते नमूद करावे. साक्ष देणाऱ्याने आपला सेवा क्रमांक लिहावा.

शालनताईंनी ते वाचलं. वाचून त्या म्हणाल्या, “टाका. आग्रह टाका.”

सोमवार म्हणजे चार दिवस. व्हरांड्यात येईपर्यंत त्यांनी मनाला समजावलं, की चार दिवस काही फार नव्हेत, रोज फोन करता येईल, गरज पडली तर आपण स्वतः वर जाऊ. निवृत्तीला सात महिने राहिले होते. मन किती झटकन समजून घेतं, याचंच त्यांना ओशाळवाणं वाटलं.

प्रांजल नळावर तोंड धूत होती. बायडाबाई बाकावर बसल्या होत्या. सोमवारी जायचं आहे असं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि शालनताईंचा हात धरून शेजारी बसवून घेतलं.

“लय वंगाळ हाय का वो?”

“नाही, खबरदारी म्हणून.”

“माझ्यावानी न्हाई ना व्हायाचं?”

बायडाबाई नळाकडे पाहत हळू आवाजात बोलत राहिल्या. त्या काय सांगणार हे शालनताईंना ठाऊक होतं, पण सत्तावीस वर्षांत त्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. मार्गशीर्षातलं चंद्रग्रहण. वीस वर्षांची पोर, पहिलटकरीण. सासू नेमकी भावकीत गेलेली, घरात धनी भुकेला आलेला. म्हणून तिनं विळी घेऊन चार वांगी चिरली होती.

“चार वांगी वो,” बायडाबाई म्हणाल्या. “तेवढीच. दुसऱ्या रोजाला झटकं आलं. शुद्धीवर आले तर प्वार न्हाई. सासू मरस्तवर म्हणायची, हिच्या हातानं कापलं हिनं. म्हणून ह्या पोरीला म्या इळीपाशी फिरकू दिली न्हाई. गिराण असो, नसो. नऊ म्हयनं घरातलं समदं मीच चिरलं.” मग त्या किंचित हसल्या. “पोरगी म्हनती, लाड करत्यात. करू दे म्हनू.”

त्या मार्गशीर्षात, ग्रहणाच्या चार दिवस आधी, शालनताई टेपाच्या वाडीला गेल्या होत्या. बायडाचे पाय सुजले होते. डोकं दुखतंय, असं ती दोनदा म्हणाली होती. शालनताईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि खळगा भरून यायची वाट पाहिली. तो भरला नाही. यंत्र खाली होतं, कपाटात, नवा फुगा लावलेलं. मंगळवारी खाली ये, मोजू, असं सांगून त्यांनी वही उघडली आणि चौकट भरली. मंगळवार उजाडलाच नाही. नंतर चौकशी झाली तेव्हा त्याच चौकटीनं त्यांना वाचवलं: रक्तदाब उत्तम, पूर्वसूचना नाही, प्रसंग अचानक. वाडीत ग्रहणाची बोलवा झाली, तेव्हा, अंधश्रद्धा धरू नका, असं एक वाक्य बोलायला त्यांना काय लागलं असतं? ते वाक्य त्या इतर सगळ्या घरांत बोलत असत. त्या घरात बोलल्या नाहीत, कारण वांगी नव्हती तर मग काय होतं, असं कुणी तरी विचारलं असतं.

प्रांजल पदरानं तोंड पुसत आली. डोळ्यांपुढे मधूनच काजवे चमकल्यासारखं होतं, असं तिनं सहज सांगितलं, जणू केसांत माती आहे असं सांगावं.

शालनताई उठल्या आणि डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

त्यांनी उभ्यानंच सांगितलं. डॉक्टर मुजावर ऐकत होते. मधेच त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“किती नोंदी अशा असतील?” त्यांनी विचारलं.

“नक्की सांगता येणार नाही. म्हणून सगळ्याच धरा.”

“सिस्टर, नाव न लिहिता ‘नोंदी संशयास्पद’ असं मी वर कळवू शकतो. चौकशी होईल, वेळ जाईल, पण तोवर तुम्ही...” डॉक्टरांचे कान लाल झाले होते. ज्यांना आपण मानतो त्यांच्यासाठी पळवाट शोधण्याचीही लाज वाटते, हे शालनताईंना त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“तिच्या डोळ्यांपुढे काजवे येताहेत,” त्या म्हणाल्या. “यादी उघडा, सर.”

शालनताईंनी तिसरं कारण निवडलं. सदोष नोंदी कोणाच्या, या चौकटीत त्यांनी आपलं पूर्ण नाव टंकलं. साक्षीदाराच्या चौकटीत सेवा क्रमांक लिहिताना बोट एकदा चुकलं; पुसून पुन्हा लिहिला. आपली खात्री आहे का, असं मातृवेधनं विचारलं. खात्री होती.

प्रांजलच्या नावापुढचं हिरवं गेलं आणि लाल आलं. त्याच पडद्यावर खाली वरच्या तिन्ही वाड्यांची यादी होती. त्यातल्या दोघींची नावं पाहता पाहता पिवळी झाली. त्या दोघी आत्ता आपापल्या घरी काय करत असतील, असं शालनताईंच्या मनात आलं.

गाडी परत यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात प्रांजलच्या नवऱ्याला निरोप गेला, डॉक्टरांनी तिला गोळी दिली, पिशवी भरली. प्रांजल गाडीत आडवी झाल्यावर शालनताईंनी बायडाबाईंना दोन पावलं बाजूला घेतलं, आवळ्याच्या झाडाखाली. गाडीचं इंजिन चालू होतं. लांबण लावायला वेळ नव्हता, आणि ते बरंच होतं.

“बायडाबाई, वांग्यांनी काही झालं नव्हतं. तुमचा रक्तदाब वाढला होता. मी त्या दिवशी मोजला नाही. न मोजता वहीत लिहिला.”

बायडाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. ऊन झाडाच्या बारीक पानांतून त्यांच्या कपाळावर हलत होतं.

“पर तुमी वर आला व्हता,” त्या म्हणाल्या.

“आले होते. यंत्र आणलं नव्हतं.”

“जड व्हतं?”

यापेक्षा कठीण प्रश्न कुठल्याच चौकशीत कुणी विचारला नसता. तो बायडाबाईंनी टोचून विचारला नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

“हो,” शालनताई म्हणाल्या. “जड होतं.”

बायडाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. दोन्ही हातांचे तळवे एकदा उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. मग वळल्या आणि गाडीत चढून सुनेच्या पायाशी बसल्या. आज त्या वाकल्या नाहीत. दार लागलं.

साडेतीनच्या सुमाराला जिल्हा रुग्णालयातून डॉक्टरांना फोन आला. पोहोचल्यावर प्रांजलचा रक्तदाब एकशे अठ्ठावन्न-एकशे चार भरला. तासाभरात शस्त्रक्रिया केली. मुलगी, एक किलो नऊशे ग्रॅम, रडली. आईला दोन दिवस लक्षाखाली ठेवतील. शालनताईंनी मान हलवली. त्यांना आनंद झाला होता, पण तो घ्यायला आपला हात पुढे होत नाही, असं त्यांना वाटलं.

वरून पत्र येईल, बोलावणं येईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टर आपल्या खोलीत गेले. शालनताईंनी दारामागचं प्रशस्तिपत्र उतरवलं आणि काच आतल्या बाजूला करून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. मग संगणकावर आपल्या जुन्या वह्या उघडल्या. नोंद करणाऱ्याला आपली नोंद दुरुस्त करता येत होती, मात्र एकेक करून. पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात न करता त्यांनी आधी एक मार्गशीर्ष महिना शोधून काढला. बायडा लक्ष्मण येडगे, वय वीस, टेपाची वाडी. एकशे दहा-सत्तर पुसलं आणि उपलब्ध शब्दांतले दोन निवडले: मोजला नाही. त्यानंतर त्या पहिल्या पानाकडे गेल्या.

साडेचारला त्या दिवसाची शेवटची बाई आली, खालच्या वाडीतली, सदतिसावा आठवडा, घाईत. चकती लावून दहा मिनिटं झाली नाहीत तोच तिच्या जावेचा फोन आला. शेवटची गाडी सुटेल म्हणून ती चकती काढून उठलीच. सकाळी परत येते, असं म्हणाली. शालनताईंनी तिला थांबवून पाहिलं, ती थांबली नाही. मग त्यांनी तिच्याकडून सकाळी आठची वेळ कबूल करून घेतली, फोन नंबर लिहून घेतला आणि ती गेल्यावर आपली वही पुढे ओढली.

नाव लिहिलं, वाडी लिहिली, आठवडा लिहिला. वजन घेतलं होतं, ते लिहिलं. पुढच्या चौकटीपाशी पेन थांबलं. सवयीनं मनगट आपोआप एकचा आकडा काढायला वळलं होतं. त्यांनी हात उचलला, ती चौकट तशीच ठेवली आणि लघवीच्या चौकटीत निकाल लिहिला. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवून त्या खिडक्या लावायला उठल्या, आधी धरणाकडची, मग पूर्वेची.